मार्फत ५६ एपीओ

डिंभे धरणाच्या काठी, हुतात्मा बाबू गेनू सागराच्या पाण्यात ज्याच्यासमवेत चपट्या खड्यांच्या भाकऱ्या उडविल्या, तो बालमित्र सरहद्दीवर तैनात झाल्यावर त्यास पत्र धाडू पाहणाऱ्याला पहिला विस्मय वाटतो तो हा, की त्याच्या पत्त्यात ना गाव असते ना जिल्हा. असतो तो केवळ सैनिकी क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, पिन क्रमांक आणि ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) एवढाच मजकूर.

या योजनेचे मर्म गुप्ततेत आहे. १९७२ साली स्वतंत्र दल म्हणून उभ्या राहिलेल्या लष्करी टपाल सेवेकडे ५६ क्रमांकाची पत्रे दिल्लीस व ९९ क्रमांकाची कोलकात्यास जमा होतात, आणि तेथे पलटणवार छाननी होऊन पुढे रवाना होतात. पलटण हलली तरी पत्ता तोच. म्हणून मित्र सियाचीनला आहे की पठाणकोटला, हे पाकिटावरून उमगत नाही. उत्तरास विलंब झाला म्हणजे अशुभच घडले, असेही नव्हे; हिमपाताने वाट अडली, एवढेच कारण असू शकते.

मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सैनिकाविषयीची दुःखद वार्ता लष्कर प्रथम कळविते ती दप्तरी नोंदलेल्या निकटच्या वारसास, म्हणजे पत्नीस वा मातापित्यांस. बालमैत्रीची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. तेव्हा काळजीने व्याकुळ झालेल्या मित्राने अफवांमागे न धावता त्याच्या आईच्या ओसरीवर जाऊन बसावे. खबर तेथेच येते, आणि धीराची गरजही तेथेच असते.