एका अक्षराची कळ

आंबेगाव तालुक्याला ज्याचे नाव आहे, ते जुने आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले. घोड नदीच्या या खोऱ्यात माणसाचे वा शिवाराचे नाव कागदावर जसे उतरेल तसेच पुढे राहते. हे कागद आता संगणकावर तयार होतात आणि ‘खोऱ्या’तील ‘ऱ’ पुष्कळांना कळफलकावर सापडत नाही.

मग ‘डोंगरदऱ्यां’च्या जागी ‘डोंगरदर्या’ उमटतो. दर्या म्हणजे समुद्र! ‘आचाऱ्यांचे मानधन’ ऐवजी ‘आचार्यांचे मानधन’ छापले गेले, तर शालेय पोषण आहाराची रक्कम गुरुजींच्या नावे लागावयाची.

वस्तुतः १९९१ च्या भारतीय मानकातील इन्स्क्रिप्ट कळफलकावर हे अक्षर आहेच. शिफ्ट दाबून ‘र’ची कळ दाबावी, नंतर हलन्त, नंतर ‘य’. रोमन अक्षरांनी मराठी लिहिणारे काही जण मात्र ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरतात. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात. परंतु संगणक ती निरनिराळी मानतो. त्यामुळे यादीत असलेले नावही शोध घेता हाती लागत नाही.

अशांनी स्वतःची कळ नेमून घ्यावी. ‘वर्ड’मध्ये ‘इन्सर्ट’मधून ‘सिम्बॉल’ व ‘मोअर सिम्बॉल्स’ उघडून ‘ऱ’ निवडावा आणि ‘शॉर्टकट की’ येथे सोयीची जुळणी, उदाहरणार्थ ऑल्ट व १, दाबून ‘असाइन’ करावे. ती जुळणी अन्य कामास आधीच दिलेली असल्यास तेथेच तसे दिसते. ‘ॲ’ व रुपयाचे ₹ हे चिन्ह यांचीही सोय अशीच होते. इमोजींसाठी विंडोज कळ व पूर्णविराम एकत्र दाबले की चित्रांची पेटी उघडते; कार्यालयीन पत्रात त्यांचे काम नाही, ग्रामसभेच्या मोबाईलवरील निरोपात असले तर असो.

‘ऑटोकरेक्ट’मध्ये ‘शेतकर्यांना’ लिहिताच ‘शेतकऱ्यांना’ व्हावे, अशी नोंदही करता येते. ‘आचार्यांना’ हा शब्द मात्र तेथे घालू नये. तो स्वतः शुद्ध आहे. खऱ्या आचार्यांचे आचारी होतील.

या नोंदी त्या एका संगणकापुरत्याच राहतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली झाली अथवा यंत्र बदलले, की त्या पुन्हा कराव्या लागतात. म्हणून नेमलेल्या कळांची यादी दप्तरात लिहून ठेवावी.