पुढची सीट की मागची?

येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत आकाशपाळणा खाली येऊ लागला की पोटात गोळा येतो, हे केजमध्ये कुणाला सांगायला नको. खोपोलीजवळच्या इमॅजिकातला ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर त्याच्या कितीतरी पुढचा. उंची सुमारे ४० मीटर, डब्याला तळ नाही, पाय अधांतरी. साखळी गाडी वर ओढून नेते; पुढचं सगळं काम गुरुत्वाकर्षणाचं. एवढ्या उंचीवरून घसरताना वेग ताशी १०० किलोमीटरच्या घरात जातो.

शौकिनांचा वाद ठरलेला: पुढे बसावं की मागे? माझं मत मागच्या सीटला. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा गाडी संथ असते. तिथे समोरची खोल दरी निवांत दिसते, धडकी भरते. मागचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढचे डबे उतारावर धावत असतात आणि त्याला खेचून नेतात. शरीर वर उसळू पाहतं, सीटचा आधार सुटतो, वजन नाहीसं झाल्यासारखं वाटतं. आतडी, जठरही आत किंचित वर सरकतात. गोळा येतो तो असा. वळणाच्या तळाशी मात्र नेमकं उलटं: वजन अनेक पटींनी वाढतं, मान उचलवत नाही. तिथे डोकं मागे टेकवूनच बसावं.