नातवंडाचा धर्म कोण ठरवतं?

पुण्यात तांबडी जोगेश्वरीच्या मागच्या वाड्यात एक आजी, कॅम्पात दुसरी. एका घरी देव्हारा, दुसऱ्या घरी येशूची तसबीर, आणि दोन्ही घरांचं मिळून नातवंड एकच. बारसं करायचं की बाप्तिस्मा, जावळ काढायचं की नाही, रविवारी मूल कुठे जाणार, यावरून दोन्हीकडचे आजी-आजोबा अडून बसतात. बुधवार पेठेत अशी घरं आता विरळ राहिलेली नाहीत. भांडण मायेपोटीच असतं, पण ज्या समजुतींच्या आधारावर दोन्ही बाजू ठामपणे बोलतात, त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत.

‘मूल बापाच्या धर्माचं’ ही समजूत सगळ्यांत पक्की. कायदा मात्र असं सरसकट म्हणत नाही. 1956च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार आई किंवा वडील यांच्यापैकी एक जण हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असेल आणि मूल त्या पालकाच्या कुटुंबात किंवा समाजात त्यांच्यातलंच म्हणून वाढलं असेल, तर ते मूल हिंदू कायद्याखाली येतं. हिंदू विवाह कायद्यातही हीच व्याख्या आहे. म्हणजे मूल कोणाच्या पोटी जन्मलं एवढं पुरत नाही, ते कसं वाढलं हेही पाहावं लागतं. जातीच्या बाबतीतही 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या रमेशभाई नायका प्रकरणात असंच म्हटलं: आंतरजातीय विवाहातलं मूल वडिलांच्याच जातीचं, असं डोळे झाकून धरता येत नाही, प्रत्यक्ष वाढ पाहावी लागते.

दुसरा गैरसमज कागदांचा. ‘दाखल्यावर एकदा लागलं की लागलं’ म्हणून जन्मनोंदणीच्या वेळीच आजोबा घाई करतात. नोंदणीच्या अर्जात धर्माची माहिती घेतात हे खरं, पण ती आकडेवारीसाठी. जन्मदाखल्यावर मुलाचा धर्म छापलेला नसतो. शाळेच्या रजिस्टरमध्ये आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म-जातीचा रकाना येतो, त्यामुळे खरा प्रश्न तिथे उभा राहतो. त्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा 2014चा निकाल प्रत्येक आंतरधर्मीय जोडप्याला ठाऊक असावा. डॉ. रणजीत मोहिते आणि इतरांनी ‘आमचा कोणताही धर्म नाही’ अशी नोंद राजपत्रात मागितली होती आणि ती नाकारली गेली होती. न्यायालयाने सांगितलं की शासन कोणालाही धर्म जाहीर करायला भाग पाडू शकत नाही, आणि धर्म न मानण्याचा हक्कही घटनेच्या 25व्या कलमात येतो.

‘रजिस्टर लग्न केलं म्हणजे मुलं बिनधर्माची’ हेही तितकंच पोकळ. 1954चा विशेष विवाह कायदा लग्न, घटस्फोट आणि वारसा यांबद्दल बोलतो. मुलाने कोणती प्रार्थना म्हणावी, हे तो ठरवत नाही.

आणि ‘हे सगळं हल्लीचं’? 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला. वडील कोर्टात गेले. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला. पण खरा कल्लोळ त्यानंतर उठला. मिशनऱ्यांच्या घरी राहून बाटलेला मुलगा जातीत परत घ्यायचा की नाही? बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला घ्यावं म्हणून बाजू लढवली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मला या हकिगतीत सर्वांत जास्त बोचतं ते हे, की कोर्ट, मिशन आणि जात या तिघांच्या ओढाताणीत श्रीपतला काय हवंय हे कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. खुद्द बुधवार पेठेतही एकाच वस्तीत उपासनेच्या दोन तऱ्हा शतकाहून अधिक काळ नांदल्या आहेत. पुण्यात 1870 साली प्रार्थना समाज स्थापन झाला, त्याचं मंदिर याच पेठेत. रानडे-भांडारकरांच्या पिढीने मूर्तीविना उपासना केली, आणि हाकेच्या अंतरावर जोगेश्वरीला ओट्या भरल्या जात राहिल्या.

आता आजी-आजोबांना न आवडणारी गोष्ट. आई-वडील हयात आणि सक्षम असताना नातवंडाच्या धर्मशिक्षणाबद्दल आजी-आजोबांना स्वतंत्र कायदेशीर अधिकार नाही. भेटीचा हक्क न्यायालय प्रसंगी देतं, पण संगोपनाचा निर्णय आई-वडिलांचाच. म्हणून सूनबाईच्या नकळत कान टोचून आणणं किंवा जावयाला न सांगता बाप्तिस्मा उरकणं मला चुकीचं वाटतं. अशा विधीने कायद्यात काही बदलत नाही, घरातला विश्वास मात्र जातो. आजीने आपला देव, आपला सण, आपली गोष्ट उघडपणे द्यावी. मुलाला दोन्हीकडचं पेलतं.

आई-वडील नसतील तर चित्र बदलतं. 2022 साली कोविडमध्ये आई-वडील गमावलेल्या गुजरातच्या मुलाचा ताबा सर्वोच्च न्यायालयाने मावशीकडून काढून वडिलांच्या आई-वडिलांकडे दिला. 1890चा पालक व पाल्य कायदा सांगतो की पालक नेमताना मुलाचं हित पाहावं, आणि त्यासाठी त्याचं वय, लिंग, धर्म, नातं यांच्याबरोबर मृत आई-वडिलांची इच्छाही विचारात घ्यावी. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचं मतही विचारता येतं. पुण्यात असे अर्ज शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात जातात. तेव्हा दोन धर्मांच्या जोडप्यांनी आपल्या पश्चात मूल कोणाकडे राहावं आणि त्याला काय शिकवावं, हे आजच लिहून, तारीख घालून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन ठेवावं. आणि त्याची एकेक प्रत दोन्हीकडच्या आजी-आजोबांना द्यावी.