वलूरकाची वाट

भाचा आर्मेनियात येरेवानला डॉक्टरकी शिकतो. मध्यंतरी त्याने एका रविवारचे फोटो धाडले. सकाळी गार्नीचं देऊळ, दुपारी गेघार्दचा डोंगरात कोरलेला मठ, रात्री जेवायला परत हॉस्टेलवर. खाली मजकूर : ‘मामा, तुमच्या तळोज्यातून असं कुठे जाता येतं?’

तळोज्यात काय आहे? एमआयडीसीची धुराडी, कंटेनरच्या रांगा आणि २०२३पासून पेंधरपर्यंत येणारी मेट्रो. पण फोटोतला काळसर दगड ओळखीचा वाटला. गार्नीचं देऊळ बेसाल्टचं, आपला सह्याद्रीही त्याच जातीचा. शेजारच्या आगरी वहिनींना फोटो दाखवले तर त्या म्हणाल्या, “असलंच तर कार्ल्याला हाय. आमी दर वर्साला जातो की, एकवीरा आईला.”

म्हणून सप्टेंबरात एक दिवस काढला. वहिनींचं कुटुंबही नवस फेडायला निघालं होतं.

कळंबोलीला एक्सप्रेस वे धरला, की बंदरातून निघालेले कंटेनर घाटापर्यंत सोबत करतात. ही वर्दळ नवी नाही. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतला माल दोन हजार वर्षांपूर्वी बैलांच्या पाठीवरून याच सह्याद्रीचे घाट चढत होता. मठ म्हटला की आपल्याला निर्जन अरण्य आठवतं. इथे मात्र लेणी व्यापारी वाटांच्या आसपासच कोरलेली दिसतात. पावसाळ्याचे महिने भिक्षू एका जागी राहत, व्यापारी दान देत. दामोदर धर्मानंद कोसंबींनी याच वाटा पायी तुडवून हा संबंध उलगडला.

आधी भाजे केलं. मळवलीच्या बाजूचं हे लेणं कार्ल्याहून जुनं, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातलं. चैत्यगृहातले खांब आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत छपराचा भार पेलायला खांब असे तिरके रोवत. दगडात त्याची गरजच नव्हती, पण कारागिरांचा हात जुन्या सवयीने चालला. बाहेर चौदा स्तूपांचा पुंजका आहे.

कार्ला दुपारसाठी राखलं, कारण तिथल्या चैत्याचं तोंड पश्चिमेला आहे. उन्हं कलली, की घोड्याच्या नालेसारख्या कमानीतून उजेड आत शिरतो. सुमारे १२४ फूट लांब आणि साडेपंचेचाळीस फूट रुंद असं हे दालन. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार खांब, माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी. स्तूपामागे मात्र सात साधे खांब. छताला सागवानी कमानी आहेत. त्यांतल्या बऱ्याच मूळच्याच मानल्या जातात.

मला खिळवलं ते भिंतींवरच्या ब्राह्मी लेखांनी. या जागेचं जुनं नाव वलूरक. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी सांगतो की जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह त्याने पुरं केलं. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात इथल्या भिक्षूंसाठी करजिक गाव देतो. धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराने दार घडवलं. दगडाच्या लेण्यावर सुताराचं नाव! भाज्याचे कललेले खांब पाहून आल्यावर त्याचं नवल उरत नाही. आणि कित्येक खांब दिलेत धेनुकाकटाच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी. गार्नीचं देऊळही पहिल्या शतकातलं मानतात, आणि त्याचे खांब ग्रीक घाटाचे. १६७९च्या भूकंपात ते कोसळलं, १९६९ ते ७५ या काळात पुन्हा उभारलं. आपल्याकडच्या यवनांनी मात्र खांब इथल्याच घडणीचे घेतले आणि त्यांवर नाव तेवढं आपलं कोरलं.

चैत्याच्या दारात सिंहस्तंभ आहे. त्याचा जोडीदार असावा अशा जागी एकवीरेचं देऊळ उभं आहे. आगरी-कोळ्यांची ही कुलदेवता. चैत्रात इथे पाय ठेवायला जागा नसते. ओटी, नारळ, ‘उदो उदो’ची ललकारी. अभ्यासकांना कधी कधी ही गर्दी खुपते. मला उलट वाटतं. भिक्षू गेले, वाटसरू आटले, पण ही माणसं पायऱ्या चढत राहिली, म्हणून डोंगर ओस पडला नाही.

वहिनींकडचा कोंबड्याचा मान पायथ्यालाच व्हायचा होता. भाच्याला कळवलं तर त्याचं उत्तर आलं : गेघार्दलाही लोक मेंढरं, कोंबड्या घेऊन येतात, त्याला मताघ म्हणतात, आणि मटण वाटून खातात. गेघार्दचं जुनं नाव आयरिवांक, म्हणजे गुहेतला मठ. तिथली कातळात कोरलेली देवळं तेराव्या शतकातली, कार्ल्याहून हजारभर वर्षांनी तरुण.

वहिनींना हे सांगितलं. पानात वाढता वाढता त्यांनी एवढंच विचारलं, “तिकडं भाकरी कसली करतात?”

भाच्याला विचारून सांगितलं : लवाश. तंदुराच्या भिंतीला थापतात, कागदासारखी पातळ. वहिनींनी तांदळाची भाकरी माझ्या पानात टाकली.