सुईच्या टोकावरील जयणा

सायंकाळची वेळ. देहूरोडच्या बाजारपेठेतील दुकान मुलाच्या हाती सोपवून वडील घरी परततात. चौविहार असल्याने सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपायचे असते. ताट वाढण्याच्या अर्धा तास आधी सूनबाई फ्रिजमधून इन्सुलिनची बाटली काढतात, सिरिंजमध्ये औषध ओढून घेतात आणि सासऱ्यांच्या पोटावर सुई टोचतात. दोन मिनिटांत काम संपते. वापरलेल्या सिरिंजला टोपण लावून ती पुन्हा फ्रिजच्या कप्प्यात ठेवली जाते. 'अजून चार दिवस चालेल' म्हणून. असे घर आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचे असेल. त्या घरातील सेवाभावाविषयी यत्किंचितही शंका नाही. विचार करावयाचा आहे तो त्या दोन मिनिटांतील सावधगिरीचा.

एकेकाळी इंजेक्शन म्हटले की डॉक्टर, दवाखाना आणि उकळत्या पाण्यातील काचेच्या सिरिंजा डोळ्यांसमोर येत. देहूरोडपासून जवळच, पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलीनसारखे औषध आपल्याच परिसरात तयार होऊ लागले. पुढे एकदाच वापरावयाच्या सिरिंजा आल्या, पेन आले आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी इंजेक्शन दवाखान्यातून थेट घरात आले. दवाखान्यातील शिस्त मात्र त्याच्यासोबत आली का, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावे.

या शिस्तीचे मोल सांगणारी एक घटना आपल्या मुंबईशी निगडित आहे. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ही लस देशभर जाऊ लागली. 1902 च्या ऑक्टोबरमध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी 107 जणांना ती टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या माथी आला आणि त्यांना काम सोडावे लागले. पुढे उलगडले ते असे : बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर नीट तापवून घेण्याऐवजी केवळ जंतुनाशकात बुडवून त्याच चिमट्याने बाटलीचे बूच काढण्यात आले. 1907 साली हाफकिन निर्दोष ठरले आणि 1925 मध्ये परळच्या त्या संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले. लस उत्तम होती, हेतू शुद्ध होता; क्षणभराच्या हयगयीने 19 जीव गेले.

ही गोष्ट इतिहासजमा झाली असे समजू नये. 2009 साली गुजरातमधील मोडासा परिसरात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने 'ब' प्रकारच्या काविळीची साथ पसरली आणि अनेकांचे प्राण गेले. जुलै 2022 मध्ये मध्य प्रदेशातील सागर येथे एकाच सिरिंजने तीसहून अधिक शाळकरी मुलांना लस टोचल्याचे उघडकीस आले. 'ब' काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो आणि वाळलेल्या रक्ताचा त्याला पुरेसा सूक्ष्म अंश डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून एक सुई, एक सिरिंज, एकच व्यक्ती आणि एकच वेळ, हा नियम निरपवाद मानावा. दवाखान्यात नवे पाकीट आपल्यासमोर फोडण्याची विनंती करण्यात कोणताही संकोच नको. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

घरी इन्सुलिन देणाऱ्यांनी सर्वप्रथम आकड्यांकडे लक्ष द्यावे. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्यांमध्ये प्रत्येक मिलिलिटरला 40 युनिट इन्सुलिन असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज असते. पेनच्या कार्ट्रिजमध्ये तसेच काही बाटल्यांमध्ये मात्र मिलिलिटरला 100 युनिट असतात. 100 युनिटच्या बाटलीसाठी नारिंगी टोपणाची सिरिंज वापरतात. 100 युनिटचे औषध चुकून लाल टोपणाच्या सिरिंजने 20 च्या रेषेपर्यंत ओढले, तर 20 ऐवजी 50 युनिट, म्हणजे अडीचपट औषध शरीरात जाते. एवढ्याने रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो. त्यामुळे औषध आणताना बाटलीवरील आकडा व सिरिंजवरील आकडा दुकानातच ताडून पाहावा. पेनच्या कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध कधीही ओढू नये.

पती-पत्नी दोघांनाही मधुमेह असल्यास 'सुई बदलतो ना, मग पेन एकच चालेल' असे अनेकजण मानतात. तेही घातक आहे, कारण टोचताना रक्ताचा सूक्ष्म अंश मागे कार्ट्रिजमध्ये शिरू शकतो. पेन प्रत्येकाचे स्वतंत्र असावे आणि त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवावी.

टोचण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, बाटलीचे रबर स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. दुधाळ दिसणारे इन्सुलिन तळहातांमध्ये हलकेच फिरवून एकसारखे करावे, जोराने हलवू नये. रोज त्याच जागी टोचल्यास त्वचेखाली गाठी होतात आणि तेथून औषध नीट शोषले जात नाही. म्हणून दर वेळी बोटभर अंतर सोडून जागा बदलावी. पेनने औषध दिल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई काढावी. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. प्रतिजैविकांची इंजेक्शने मात्र घरी घेऊ नयेत. पेनिसिलीनसारख्या औषधाची तीव्र ॲलर्जी काही मिनिटांत जिवावर बेतू शकते आणि तेव्हा उपचार हाताशी असावे लागतात.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न हमखास उद्भवतो. पर्युषणात उपवास किंवा अठ्ठाई करण्याची भावना होते, पण इन्सुलिनचे काय? अन्नाविना नेहमीचा डोस घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. स्वतःच्या मनाने तो पूर्ण बंद केल्यासही संकट ओढवते. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन मुळीच तयार होत नाही, त्यांनी ते एक दिवसही बंद करू नये. यास्तव तपश्चर्येचा संकल्प करण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दरदरून घाम, हातांना कंप, गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. तपासणीत आकडा 70 च्या खाली आल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ द्यावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडातून काहीही न देता रुग्णालय गाठावे. पच्चक्खाणामध्ये आगार असतात, हे आपण जाणतोच. अशा प्रसंगाविषयी गुरुभगवंतांना आधीच विचारून ठेवल्यास ऐन वेळी घरच्यांची द्विधा मनःस्थिती होत नाही.

इन्सुलिन प्राण्यांपासून बनते, या समजुतीने काही ज्येष्ठ मंडळी ते घेण्यास कचरतात. 1922 पासून पुढे कित्येक दशके ते खरोखर गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. 1982 साली जीवाणूंच्या साहाय्याने बनविलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले आणि आज सर्रास मिळणारे इन्सुलिन जीवाणू अथवा यीस्टच्या साहाय्यानेच तयार होते. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. उपचार मात्र लांबवू नयेत.

शेवटी, टोचून झाल्यावर ती सुई कोठे जाते? बहुधा घरच्या कचऱ्यात आणि तेथून सकाळच्या घंटागाडीत. तो कचरा हातांनी वेगळा करणाऱ्या सफाई कामगाराच्या बोटात ती रुतते, तेव्हा त्याचे कुटुंब महिनोन्‌महिने तपासण्यांच्या अहवालांची वाट पाहत बसते. 2016 च्या घनकचरा नियमांनी वापरलेल्या सुया व सिरिंजा घरगुती घातक कचऱ्यात गणल्या होत्या. फिरकीच्या झाकणाची जाड प्लास्टिकची बाटली घ्यावी, तीवर 'वापरलेल्या सुया' असे ठळक लिहावे आणि सिरिंज वापरताक्षणी तीत टाकावी. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून, घातक कचरा म्हणून वेगळी सोपवावी अथवा ती स्वीकारणाऱ्या रुग्णालयात द्यावी.

पाऊल टाकताना मुंगीचाही विचार करण्याची जयणा आपल्याला बालपणापासून शिकविली जाते. ज्याला आपण कधी पाहिलेही नाही, त्या सफाई कामगाराच्या हातांचाही विचार तीत यावा. आज सायंकाळी इन्सुलिन देऊन झाले की सिरिंज फ्रिजच्या कप्प्यात परत ठेवण्यापूर्वी सूनबाईंनी क्षणभर थांबावे आणि घरात अशी एक बाटली शोधावी.