तल्लफ, यंत्र आणि राज्यसंस्था

राजाजीनगरच्या मेट्रो स्थानकापासून माझ्या घरापर्यंतच्या वाटेवर मद्यविक्रीची दोन दुकाने आहेत. आता तिथेच एक नवा फलकही लागला आहे : ‘मेंदूच्या उत्तेजनाद्वारे व्यसनमुक्ती. गोळ्या नाहीत, वेदना नाही, फक्त दहा सत्रे.’ आमच्या गल्लीत राहणारे एक निवृत्त कारखाना-कामगार हा फलक वाचून माझ्याकडे आले. चौतीस वर्षांच्या मुलाची दारू सुटत नाही. दोनदा उपचार झाले आणि दोन्ही वेळा तो पुन्हा दारूकडे वळला. भविष्यनिर्वाह निधीतून उरलेल्या ठेवीचा मोठा हिस्सा या दहा सत्रांत जाणार होता. ‘‘सर, तुम्ही सरकारात होता. हे खरे असते का?’’ एवढाच त्यांचा प्रश्न. उत्तर देण्याआधी मी काही दिवस मागून घेतले.

फलकावरील तंत्र बनावट नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. डोक्याला टेकवलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर तीव्र वीजप्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते कवटी भेदून मेंदूच्या पृष्ठभागातील पेशींत सूक्ष्म विद्युतप्रवाह जागवते. १९८५ मध्ये ब्रिटनमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथम करून दाखवले. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने नैराश्यावरील उपचारासाठी अशा यंत्राला परवानगी दिली. व्यसनात सुखाची अपेक्षा जागवणारी मेंदूतील यंत्रणा प्रबळ होते आणि आवर घालणारा कपाळामागचा भाग दुबळा पडतो. या भागाला वारंवार चालना दिली, तर तल्लफ आटोक्यात येईल, असा या उपचारामागील तर्क आहे.

पुरावा काय सांगतो? रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेतील संशोधकांनी २०१० मध्ये मद्यावलंबी ४५ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ३० जणांना खरे उत्तेजन मिळाले, १५ जणांना केवळ त्याचा आभास. दहा सत्रांनंतर पहिल्या गटाची तल्लफ लक्षणीय घटली. भारतीय संस्थेचे हे काम जगभर उद्धृत होते आणि त्याचा अभिमान वाटावा. पण त्यात मोजली गेली ती प्रामुख्याने तल्लफ. तल्लफ कमी होणे आणि वर्षभर पेल्याला हात न लावणे यांत मोठे अंतर आहे. २०२० मध्ये अमेरिकी नियामकाने धूम्रपान सोडवण्यासाठी अशा एका यंत्राला मान्यता दिली. त्यामागील चाचणीत २६२ जण होते. खरे उत्तेजन मिळालेल्यांपैकी १९.४ टक्के, तर आभासी गटातील ८.७ टक्के लोक धूम्रपानापासून दूर राहू शकले. म्हणजे प्रमाण दुपटीहून अधिक झाले, तरी पाचांतील चौघांचे व्यसन सुटले नाही. फलकावर यातला पहिला भाग दिसेल. दुसरा भाग रुग्णाला सांगण्याची सक्ती कोणी करायची?

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे मद्रास आठवते. १९७० च्या दशकात तेथील शल्यविशारद व्ही. बालसुब्रमण्यम आणि टी. एस. कनका यांनी व्यसनी रुग्णांच्या मेंदूतील एका ठरावीक भागावर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांचे अनुभव वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केले. कनका या आशियातील पहिल्या काही महिला मेंदू-शल्यविशारदांपैकी एक. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण पुढे चीनमध्ये काय घडले, हेही पाहावे लागते. तेथे व्यसनासाठी मेंदूचा भाग निकामी करणाऱ्या शस्त्रक्रिया अनेक रुग्णालयांत झपाट्याने पसरल्या आणि २००४ मध्ये आरोग्य मंत्रालयाला त्या थांबवाव्या लागल्या. हताश कुटुंबे आणि घाईत असलेले तंत्रज्ञान एकत्र आले की पुराव्याला मागे टाकून बाजार पुढे जातो.

चुंबकीय उत्तेजनात टाका नाही की भूल नाही, त्यामुळे त्याची तुलना शस्त्रक्रियेशी करणे अन्यायाचे ठरेल. तरीही धोका शून्य नाही. क्वचित अपस्माराचा झटका येऊ शकतो, आणि दारू नुकतीच थांबवलेल्या माणसात झटक्याची शक्यता मुळातच वाढलेली असते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले, हे मोठे पाऊल होते. मेंदूवरील शस्त्रक्रियेसाठी या कायद्याने रुग्णाच्या संमतीबरोबर मंडळाची मान्यताही बंधनकारक केली. विद्युतझटक्याच्या उपचारालाही अटी घातल्या. चुंबकीय उत्तेजनाला मात्र अशी स्वतंत्र चौकट दिलेली नाही. फलक याच मोकळ्या जागेत उभा आहे.

दुसरी पोकळी अधिक खोल आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्यपानाच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ५.७ कोटी आहे. मद्यावलंबी व्यक्तींपैकी ३८ मध्ये एकालाच कोणतातरी उपचार मिळाल्याचे तीत नोंदले गेले. बेंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही मद्यविकारांतील उपचारांची तूट ८६ टक्के आढळली. नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे, समुपदेशन, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणने उभी केलेली पाठपुराव्याची परंपरा, हे सारे आपल्या हाती आहे. ते जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचले नाही म्हणूनच गल्लीतील यंत्र इतके आकर्षक वाटते.

आमच्या वसाहतीला ज्यांचे नाव आहे, त्या राजाजींनी १ ऑक्टोबर १९३७ रोजी सेलम जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. बुडालेला अबकारी महसूल भरून काढण्यासाठी त्यांच्याच सरकारने पुढे विक्रीकर आणला. दारूबंदीविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. पण धोरणाची किंमत मोजून तिची तजवीज करण्याचा तो प्रामाणिकपणा अनुकरणीय होता. आज कर्नाटकात मद्याची घाऊक विक्री सरकारी महामंडळामार्फत होते. त्या महसुलातील ठरावीक वाटा व्यसनोपचारासाठी राखून ठेवणे अवघड नाही. त्यातूनच अनेक केंद्रांवर, किमान वर्षभराचा पाठपुरावा असलेली सार्वजनिक चाचणी उभी करता येईल. तोवर उत्तेजन देणाऱ्या प्रत्येक केंद्राची नोंदणी व्हावी, लेखी संमती घेतली जावी आणि निष्पत्ती जाहीर करण्याची अट असावी.

शेजाऱ्यांना मी ठेव मोडू नका असे सांगितले. निम्हान्सच्या व्यसनोपचार विभागात आधी दाखवा, तेथील डॉक्टरांनी सुचवले तरच यंत्राचा विचार करा, असेही सुचवले. मग लक्षात आले की ज्याच्या मेंदूबद्दल आम्ही दोघे ठरवत होतो, त्यालाच कोणी विचारले नव्हते. पुढच्या रविवारी मुलगा आला. थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, ‘‘सर, तल्लफ रोज येत नाही. पगाराच्या दिवशी, स्थानकातून उतरलो की याच रस्त्यावर येते.’’

यंत्र वापरायचे की नाही, हे त्याचे डॉक्टर ठरवतील. मात्र त्या रस्त्यावर काय असावे आणि काय नसावे, हा निर्णय कोणत्याही डॉक्टरच्या हातचा नाही. तो आपला, म्हणजे राज्यसंस्थेचा आहे.