गेरूचा लाल काढला की

डहाणू-तलासरीकडे कुडाच्या भिंतीवर गेरू फिरवून तांदळाच्या पिठाने वारली चित्र काढतात. अशा भिंतीचा फोटो मोबाईलवर काळा-पांढरा करून बघा. गेरू गडद करडा होतो. आपल्या डोळ्याला लाल उजेड हिरव्यापेक्षा मंद जाणवतो, आणि रूपांतराचं नेहमीचं गणितही तेच धरतं: लाल सुमारे ३० टक्के, हिरवा ५९, निळा ११. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तर लाल जवळपास दिसतच नसे. भिंत काळीच यायची. लालसकट सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म घेऊन लेन्सवर लाल फिल्टर चढवला, की गेरू उजळतो, पांढऱ्या रेघा फिक्या पडतात आणि चित्राचा दरारा जातो. मला विचाराल तर काळीच बरी.

रंग गेल्यावर मांडणी उघडी पडते. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांनी जगभर पोचवलेल्या या कलेतला तारपा नाच घ्या. नाचणाऱ्यांची साखळी वळत जाते, नजर तिच्यामागून फिरत मधे तारपा वाजवणाऱ्यापाशी येते. अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. त्या टोकातच कंबर, म्हणून आकृती लचकते.

फोटो ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा काढा. तिरप्या उन्हात सारवणाऱ्या बोटांचे फराटे सावली धरतात. ऊन समोरून आलं की ते दिसत नाहीत.